मंगळवारचा श्वास

दिवसभर मी लोकांवर ओरडते, ‘फुंका! फुंका! अजून फुंका!’ आणि त्याचा मला पगार मिळतो. छातीच्या एका डॉक्टर मॅडमच्या दवाखान्यात फुफ्फुसं तपासायचं यंत्र माझ्या ताब्यात आहे. सातपूरच्या कंपन्या आपले कामगार आमच्याकडे पाठवतात. नाकाला चिमटा लावायचा, पुठ्ठ्याची नळी ओठांत घट्ट धरायची, छाती भरून श्वास घ्यायचा आणि आत काही उरणार नाही इतका बाहेर फुंकायचा. सांगायला एवढंसं. पण एक माणूस पहिल्या फटक्यात धड फुंकेल तर शपथ. कुणी वाढदिवसाच्या मेणबत्त्या विझवल्यासारखं फुस्स करतो, कुणी नळी चावतो, कुणी गाल फुगवून नुसता माझ्याकडे बघत बसतो. संध्याकाळी माझा घसा बसलेला असतो आणि डोकं उठलेलं असतं.

आणि मंगळवारी अशा डोक्यानं घरी जावं, तर घरीही तेच. तिथं माझ्या सासूबाई फुंकत असतात.

आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. आमच्या आत्याबाईंचं नाव चंद्रभागा. माहेर विंचूरकडचं, लहानपण कांद्याच्या खळ्यावर निवड करण्यात गेलं. लग्न होऊन सातपूरला आल्या त्या कंपनीत मशीनवर असलेल्या नवऱ्याच्या मागे. नवरा तापट. घरात सासू, जाऊ, दीर, आणि सगळ्यांचं ऐकायला एकटी ही. भाजीत मीठ किती घालू, हेसुद्धा या बाईनं दुसऱ्याला विचारायचं. तिला कुणी काही विचारायचा प्रश्नच नव्हता. पुढे मामंजी गेले. त्या वर्षी नवरात्रात घटासमोर आरती चालू असताना आत्याबाईंच्या अंगात आलं. गडावरची आई आली, असं सगळ्यांनी सांगितलं. तेव्हापासून दर मंगळवारी दिवेलागणीला आई येते.

मी लग्न होऊन आले तेव्हा हे सगळं बस्तान बसलेलं होतं. ओसरीत चपलांचा ढीग. आत दाटीवाटीनं बसलेल्या बाया. कुणाची मुलगी नांदत नाही, कुणाच्या नवऱ्याची दारू सुटत नाही, कुणाच्या पोराला नोकरी नाही. शेजारची राखी दारात उभी राहून एकेकीला आत सोडणार, दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट परवडली. झुंबरतात्या टाळ वाजवणार. हे झुंबरतात्या मामंजींच्याच कंपनीतून निवृत्त झालेले. घरी बायको विचारत नाही, म्हणून आमच्याकडे येऊन देवीचे कारभारी झाले, असं माझं मत. आत्याबाई कुणाकडून पैसा घेत नाहीत, हे कबूल. पण नारळ? आमच्या घरात पलंगाखाली नारळ, फ्रिजवर नारळ, न्हाणीघराच्या फळीवर नारळ. खोबऱ्याची चटणी, खोबऱ्याची वडी, आमटीत खोबरं, पोह्यांवर खोबरं. माझ्या माहेरचे विचारायचे, तुम्ही कोकणातले का हो?

आता ते अंगात येणं कसं, ते सांगते, कारण पुढे त्याचंच काम आहे. आत्याबाई देव्हाऱ्यापुढे मांडी घालून बसतात. टाळ सुरू झाला की त्यांचा श्वास चढतो. दात आवळलेले, खांदे हलतायत आणि ‘हूं हूं हूं हूं’ असा भराभर, वरच्यावर श्वास. छाती भरतच नाही, नुसती भात्यासारखी खालीवर होते. थोड्या वेळानं हाताची बोटं ताठ होऊन आत वळतात. बाया म्हणतात, आईची मुद्रा झाली. मग श्वास एकदम थांबतो, आई बोलते, आणि पुन्हा हूं हूं सुरू.

ती मुद्रा मी पहिल्यांदा पाहिली आणि कपाळावर हात मारला. आमच्या दवाखान्यात आठवड्याला एखादा तरी घाबरट माणूस नळी तोंडात धरून असंच भराभर श्वास घेतो आणि मग ओरडतो, ‘ताई, ओठांना मुंग्या आल्या, बोटं वळली!’ मॅडमनी मला त्याचं कारण समजावून दिलं होतं. आपण श्वासातून जो वायू बाहेर टाकतो तो निव्वळ कचरा नसतो, रक्ताला तोही थोडा लागतो. भराभर फुंकून तो सगळा घालवला की रक्ताचा तोल जातो, नसा उगाच उडायला लागतात, बोटं वळतात, गरगरतं. संथ श्वास घेतला की सगळं जागेवर येतं.

हे मी शेखरला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मोठ्या हौसेनं सांगितलं. तो म्हणाला, ‘म्हणजे आई खोटं करते, असं म्हणायचंय तुला?’

‘खोटं नाही म्हणत. फुफ्फुसं म्हणते.’

‘एकच झालं,’ म्हणाला आणि सेकंड शिफ्टला निघून गेला. पालथ्या घड्यावर पाणी. त्यानंतर मी तो विषय सोडला. देवी खरंच येते की नाही, हे मला विचारू नका. मला ते कळत नाही. मंगळवारी मी स्वयंपाकघरात कुकर लावते, आणि भिंतीपलीकडचं हूं हूं ऐकत दात-ओठ खाते. इतकी वर्षं ऐकतेय की कुठं चढतं, कुठं थांबतं, कधी आई बोलणार, हे मला पीठ मळता मळता कळतं. पाया मात्र मी कधी पडले नाही. ते आत्याबाईंना खुपायचं. आई अंगात असताना त्या स्वयंपाकघराकडे बघून म्हणायच्या, ‘या घरात एक कोरडं हाय.’ सगळ्या बाया माझ्याकडे बघायच्या. मी कुकरची शिट्टी काढायची.

भांडणाचं खरं मूळ मात्र देवी नव्हती, सुई होती.

आत्याबाईंना साखरेचा आजार. गोळ्यांनी भागेना म्हणून डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन सांगितलं. फ्रिजच्या दारात बाटली, ती मी टोचायची. रोज एक नाटक. ‘आज नको, आज एकादशी.’ ‘आज नको, हात दुखतो.’ अहो, हातात कुठं टोचतेय, पोटात टोचतेय! ‘मग पोट दुखतं.’ जीव मेटाकुटीला यायचा. यंदा नवरात्र बसायच्या आदल्या दिवशी तर त्यांनी जाहीरच केलं, ‘घट उठेपर्यंत सुई नाय. उपासात रगत काढायचं नसतं. सोवळं मोडतं.’

मी आकांडतांडव केलं. साखर तपासायला बोटही टोचू देईनात, कारण तेही रगतच. शेखर दोघींच्या मध्ये उभा राहून म्हणाला, ‘जाऊ दे ना उज्वला, नऊ दिवस तर आहेत.’ या माणसाला कंपनीत मशीनचं तेल एक दिवस चुकलेलं चालत नाही.

बरं, उपास तरी कसला? एकादशी अन् दुप्पट खाशी. साबुदाणा, केळी, खजूर, शेंगदाण्याचे लाडू, आणि प्रसादाचा शिरा ‘नाय म्हणू नये’ म्हणून. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून आत्याबाई तांब्यावर तांब्या पाणी पिऊ लागल्या आणि न्हाणीघराकडे सारख्या खेपा घालू लागल्या. विचारलं तर म्हणाल्या, ‘उपासाची उष्णता.’ सोमवारी उलट्या झाल्या. म्हणे, पित्त. मी म्हटलं, दवाखान्यात चला. म्हणाल्या, ‘उद्या मंगळवार. उद्या कसं जमंल? लांबून लांबून माणसं यायची.’ मंगळवारी सकाळी मी कामाला निघाले तेव्हा त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी चिडून म्हटलं, ‘आज संध्याकाळी मी सुई टोचणार म्हणजे टोचणार, मग तुमची आई येवो नाहीतर बाप येवो.’ त्यांनी उत्तर दिलं नाही. उत्तर दिलं नाही हेच मला दिवसभर टोचत राहिलं, कारण या बाईनं आजवर माझं एक वाक्य खाली पडू दिलेलं नाही.

संध्याकाळी आले, तर नवरात्रातला मंगळवार, चपला थेट गल्लीपर्यंत. आत पाय ठेवायला जागा नाही. टाळ चाललाय. मी वैतागून माणसं ओलांडत स्वयंपाकघराकडे निघाले आणि मध्येच थांबले.

श्वास वेगळा होता.

हूं हूं नव्हतं. दात आवळलेले नव्हते, खांदे हलत नव्हते, बोटं मोकळी मांडीवर पडलेली. तोंड उघडं, आणि त्यातून एकामागून एक मोठा, खोल श्वास. छाती भरायची, पोट भरायचं, सगळा बाहेर यायचा, की लगेच पुढचा. शर्यत पळून आलेल्या माणसासारखा. फक्त ही बाई जागची हललेली नव्हती. मी उभी राहून ऐकलं. आता थांबेल, आता आई बोलेल. थांबला नाही. चढला नाही, उतरला नाही, एका मापात चालूच राहिला.

‘आज आई लय जोरात हाय,’ राखी माझ्या कानाशी म्हणाली. ‘दुपारपासून हाय. एक शब्द बोलंना. आन् वास आला का तुला? फुलांचा वास येतोय आईच्या तोंडाला.’

वास आला होता. फुलांचा नव्हे. पिकून उतरलेल्या द्राक्षांचा, त्यात नखांचा रंग पुसायच्या औषधाचा उग्रपणा. तो वास आणि तो श्वास मला एकदा दवाखान्यात भेटला होता. एका माणसाला दमा म्हणून आमच्याकडे फुंकायला पाठवलं होतं. मॅडम त्याच्याजवळ आल्या, नुसतं त्याच्याकडे बघितलं, वाकून वास घेतला आणि मला म्हणाल्या, ‘नळी ठेव खाली. दमा नाहीये हा, साखर आहे. याची फुफ्फुसं ठणठणीत आहेत, तीच बिचारी याला जगवतायत.’ मग त्याला रुग्णवाहिकेत घालून दिल्यावर त्यांनी सांगितलं होतं. इन्सुलिन नसलं की शरीराला रक्तातली साखर वापरता येत नाही, ते चरबी जाळायला लागतं आणि रक्तात आम्ल साठतं. मानेच्या वर, मेंदूच्या बुडाशी श्वासाचा एक पहारेकरी बसलेला असतो. त्याला रक्त आंबट झालेलं कळलं की तो फुफ्फुसांना हुकूम देतो, फुंका, बाहेर काढा, अजून फुंका. माणूस गुंगीत गेला तरी हुकूम चालू राहतो. आणि फुफ्फुसं थकली की संपलं.

म्हणजे दर मंगळवारी आत फेकण्यासारखं काही नसताना या बाईचा श्वास उगाच फेकत राहायचा. आज खरंच फेकण्यासारखं होतं, आणि तो एकटा किती फेकणार?

मी पुढे घुसले आणि आत्याबाईंच्या खांद्याला हात घातला. झुंबरतात्यांनी टाळ थांबवला.

‘उज्वला, मागं सर! अंगात आलेलं असताना हात लावायचा नसतो.’

‘तात्या, हे अंगात आलेलं नाही. साखर वाढलीये. दवाखान्यात न्यायला पाहिजे, आत्ता.’

‘आईला साखर?’ तात्या हसले. मागच्या दोन-चार बायाही हसल्या.

‘आईला नाही हो, आत्याबाईंना! जीभ बघा, कोरडी ठक्क झालीये. दुपारपासून हे चाललंय आणि तुम्ही टाळ कसला वाजवताय!’

‘भर नवरात्रात आईला उठवून सुया टोचायच्या? कोप झाला तर कोण निस्तरणार? तू?’ राखी दारात आडवी झाली. ‘हिचं आधीपासून असंच हाय, पाया पडत नाय कधी.’

मी शेखरला फोन लावला. शिफ्टमध्ये फोन लॉकरमध्ये ठेवतात. वाजत राहिला. मी ओरडले. ओरडणं हा तर माझा धंदा, भिंती हादरल्या असतील. माणसं मात्र हलली नाहीत, उलट आईला लागू नये म्हणून बाया आत्याबाईंभोवती आणखी दाटून बसल्या. त्यांच्या मायेत खोट नव्हती, हाच तर वैताग. दुष्ट माणसांना ढकलून देता येतं. यांना काय करायचं? आणि सगळ्यांच्या मधोमध तो श्वास, खोल, मोठा, आणि आता मला वाटलं, किंचित उथळ होत चाललेला.

पलंगाखालून नारळ घरंगळत येऊन माझ्या पायाला लागला होता.

मी तो उचलला. कपाटातून खण काढला, परातीतले तांदूळ घेतले. पदर डोक्यावरून घेतला. आणि इतक्या वर्षांत जे केलं नव्हतं ते केलं. आत्याबाईंसमोर गुडघे टेकले, हळद-कुंकू लावलं, ओटी भरली आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

‘आई,’ मी म्हटलं, आणि माझा आवाज फाटला, तो नाटकानं फाटला नव्हता, ‘तुला माझ्याबरोबर बाहेर जायचंय. कुठं ते विचारू नकोस. मी नेते तिथं चल. कौल दे.’

आत्याबाईंचे डोळे अर्धवट उघडे होते. एक श्वास. आणखी एक श्वास. मग त्यांची मान हळूच खाली गेली आणि वर आली.

‘कौल दिला!’ झुंबरतात्या गरजले. ‘कौल दिला आईनं! उचला!’

ज्या लोकांनी मला हात लावू दिला नव्हता, त्यांनीच त्यांना फुलासारखं उचललं. राखीच्या नवऱ्याची व्हॅन आली. मागे रिक्षा, दुचाक्या, आणि टाळ. मोठ्या दवाखान्याच्या फाटकावर वॉचमन म्हणाला, ‘पेशंटसोबत एकानंच आत जायचं.’ तात्या म्हणाले, ‘पेशंट कोण? आई हाय.’ मी व्हीलचेअर ओढून आत घेतली आणि दार लावून घेतलं.

आतल्या तरुण डॉक्टरला काही सांगावं लागलं नाही. त्यानं श्वास बघितला, वास घेतला, बोट टोचलं. छोट्या यंत्राला आकडाच दाखवता येईना, इतकी साखर. सलाईन लागलं, इन्सुलिन लागलं. मी बाकावर बसले आणि तो श्वास ऐकत राहिले. काही तासांनी तो हळूहळू उतरायला लागला. आधी पोट शांत झालं, मग छाती. मग इतका साधा झाला की ऐकूच येईना, आणि मी घाबरून उठून बघायला गेले. झोपल्या होत्या. शेखर कंपनीच्या कपड्यांतच आला आणि म्हणाला, ‘मला वाटलं, नऊ दिवस तर आहेत...’ मी त्याच्या हातात औषधांची चिठ्ठी ठेवली आणि त्याला दुकानात पिटाळलं.

आत्याबाई बऱ्या होऊन घरी आल्या. आता कॉलनीत काय झालं असेल? तर उज्वलाच्या शब्दाला आई उठली, अशी बातमी. दोन बाया मलाच प्रश्न विचारायला आल्या, नारळ घेऊन. मी दोघींना साखर तपासायला पाठवलं. नारळ मात्र त्या ठेवून गेल्या.

घरी आल्यावरचा पहिला मंगळवार. माणसं अजून यायची होती. मी बाटली आणि सुई घेऊन आत्याबाईंच्या समोर बसले आणि आयुष्यभराचा वैताग बाहेर काढला. उपास काय, सोवळं काय, मरायला टेकलात, सोमवारी चला म्हटलं तर आला नाहीत. मी दमले तेव्हा म्हणाल्या,

‘त्या दिशी आई आलीच नव्हती.’

‘काय?’

‘मला ठावं होतं ना. आई येती तेव्हा अंग हलकं होतं. त्या दिशी अंगात धोंडे भरल्यावानी झालेलं. श्वास पुरंना.’

‘मग सांगायचं नाही का! घरभर माणसं होती. म्हणायचं, मला बरं वाटत नाही!’

‘कुणाला सांगू?’ आत्याबाई म्हणाल्या. ‘एक तर पार पिंपळगावहून आलेली, लेकीचा फोटू घिऊन. आन् अंगात आलेल्या बाईनं बरं नाय म्हणून चालतं का गं? ते आईलाच इचारत होते सगळे. चंद्रभागाला कोण इचारीत होतं?’

त्या खिडकीकडे बघत पुढे म्हणाल्या, ‘म्हटलं, उज्वला यील. ती कोरडी हाय, ती वळखंल. आल्या आल्या वरडंल. आलीस, वरडलीस, बरं वाटलं. पण मग तू पाया पडलीस गं.’ त्यांनी माझ्याकडे बघितलं. ‘तवा मी भ्याले. म्हटलं, उज्वला पाया पडती म्हंजे आता मी काही वाचत नाय. म्हणून मान हलवली.’

बाहेर फाटक वाजलं. राखी आली असणार. मी डोळे पुसले आणि सुई बाटलीत घातली.

‘पदर बाजूला घ्या,’ मी म्हटलं.

‘आज मंगळवार हाय.’

‘म्हणूनच. आधी चंद्रभागा, मग आई.’

त्यांनी तोंड वाकडं केलं, आणि पदर बाजूला घेतला. ‘हळू टोच,’ म्हणाल्या.

‘श्वास घ्या,’ मी म्हटलं. ‘आता सोडा.’

त्यांनी सोडला. मी टोचली.